गुरुवारी पाच वाजेपर्यंत

सोमवार, ४ मार्च

शास्त्रज्ञांना बोलतं करायचं आणि पत्रकारांना थोपवायचं, एवढंच आपलं काम, असं आमच्या कक्षाच्या प्रमुख बाई म्हणतात. आज दोन्हींपैकी एकही जमलं नाही.

डासांच्या जनुकांत फेरफार करून ते हवेत सोडायचे की नाही, यावरून सकाळपासून टीव्हीवर रणकंदन चाललं होतं. आमचा फोन थांबायला तयार नाही. डासांवर उभं आयुष्य काढलेल्या एका गृहस्थांना मी विनवलं की तीन ओळींत तुमचं मत द्या, पत्रकारांना पाठवते. त्यांनी चार पानं पाठवली, वर तळटिपा. ती वाचून घाईवाल्यांनी फोन आपटायचा तेवढा बाकी ठेवला. "अहो, मला वाक्य हवंय, प्रबंध नकोय!" घाईवाले म्हणजे सगळ्यात जास्त खपाच्या दैनिकाचे आरोग्य-वार्ताहर. प्रत्येक फोनची सुरुवात 'जरा घाईत आहे' अशी करतात, म्हणून हे नाव मी ठेवलं. माणूस सरळ आहे. चूक दाखवली तर दुरुस्त करतो. आमच्या धंद्यात असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आमचा कक्ष म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. ज्या विज्ञानावरून लोक एकमेकांच्या उरावर बसतात, त्याची बातमी होण्याआधी जाणकारांना शोधायचं, मूळ शोधनिबंध वाचायला लावायचा, त्यांच्याकडून माणसाला कळेल असं बोलणं काढायचं आणि ते सगळ्या पत्रकारांना एकदम पाठवायचं. बाईंनी वर्तमानपत्रात हयात घालवली, मी मज्जापेशींवर सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडले. दोघींनी मिळून हे दुकान मांडलंय.

संध्याकाळी दादाकडे गेले. त्याची जीभ आता आणखी जड झालीये. पोहण्याच्या तलावावर एका टोकाला उभा राहून दुसऱ्या टोकाच्या पोराला 'पाय सरळ!' म्हणून ओरडणारा माझा भाऊ. आता 'मीठ दे' म्हणायलाही त्याला दम लागतो. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच मरत जातात या आजारात. मी ज्या पेशी भिंगाखाली बघायचे, त्याच. हा विचार मनात आला की मी मुद्दाम दुसरं काहीतरी करायला घेते, आज भांडी घासली.

पुढच्या मंगळवारी त्याच्या पोटात नळी बसवणार आहेत. गिळता येईना की अन्न सरळ पोटात जाईल. घाई एवढ्यासाठी की श्वासाची ताकद अर्ध्याच्या खाली गेली की डॉक्टर ही शस्त्रक्रिया करत नाहीत, आणि त्याची ताकद उतरते आहे. वहिनीने दवाखान्यातल्या नोकरीत रजाही टाकून ठेवलीये. दातांच्या दवाखान्यात ती समोरच्या टेबलावर बसते, लोकांना वेळा देते. "सगळ्या गावाला तारखा देते मी," ती म्हणाली, "ही एक तारीख मात्र मला टळायला नकोय."

दादा म्हणाला, "बघू."


बुधवार, ६ मार्च

आज तो निबंध आला.

दोन वर्षं ज्याची चर्चा चाललीये ते, दादाच्या आजारावरचं औषध. रुग्णांच्या संघटनेने त्यासाठी मोर्चे काढले, कंपनीने 'नवं पर्व' म्हणून जाहिराती केल्या, शास्त्रज्ञांत दोन तट पडले. चाचणीचा निकाल पुढच्या गुरुवारी, चौदा तारखेला, संध्याकाळी पाचला जाहीर होणार हे सगळ्या जगाला माहीत आहे. निकाल काय, ते मात्र आजपासून आम्हाला आणि बातमी करणाऱ्या मोजक्या पत्रकारांना. याला एम्बार्गो म्हणतात. वेळेआधी वाचायला मिळतं, म्हणजे घाईघाईत चुकीचं छापलं जात नाही. बदल्यात पाच वाजेपर्यंत तोंड उघडायचं नाही. घरी नाही, मित्रांत नाही, कुणाजवळ नाही.

मी निबंध दोनदा वाचला. मग पुन्हा फक्त आकडे वाचले.

औषध घेणारे आणि पिठाच्या गोळ्या घेणारे, दोन्ही गट एकाच वेगाने खाली गेले. औषधाचा उपयोग नाही. कंपनीने मागाहून मूठभर रुग्ण वेचून काढून त्यांच्यात जरा बरं दिसतं असं म्हटलंय, पण असे वेचायला बसलं तर डाव्या हाताने जेवणाऱ्यांतही बरं दिसेल.

बाईंना सांगितलं, माझा भाऊ या आजाराचा रुग्ण आहे, हे काम माझ्याकडे नको. त्यांनी चष्मा काढला. "मग कोणाकडे देऊ? मज्जापेशी म्हणजे काय ते मला तूच शिकवलंस." मग जरा वेळाने म्हणाल्या, "झेपणार नसेल तर नको म्हण. पण अर्धं झाल्यावर म्हणू नकोस."

झेपेल म्हटलं. दादाची नळी मंगळवारी बसणारच आहे, औषधाचं काहीही होवो. जीव थोडा भांड्यात पडला.


शनिवार, ९ मार्च

दादाकडून आल्याआल्या लिहायला बसलेय.

गेले तेव्हा वहिनी इस्पितळाची पिशवी भरत होती. टॉवेल, मऊ चपला, चार्जर. दादा खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "राहू दे ते. मी तारीख रद्द केली."

वहिनीच्या हातातला टॉवेल तसाच. "काय केलंस?"

तो सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला. गुरुवारी औषधाचं कळेल. औषध मिळालं तर नळी कशाला? दोन दिवसांसाठी पोटाला भोक का पाडून घ्यायचं? सकाळीच इस्पितळाला कळवलं.

वहिनी आधी चिडली, मग रडली, मग माझ्याकडे वळली. "तू सांग त्याला! तुझ्या ऑफिसात तर सगळं आधी येतं ना? आलंय का काही? नुसती मान हलव, मी समजून घेईन."

मी तोंड उघडलंही असेल. पण दादाच मध्ये पडला. "तिला विचारायचं नाही," तो म्हणाला. एवढा जोर त्याच्या आवाजात कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "तिच्या कामाचं आहे ते. तिला विचारायचं नाही." आणि वहिनीला चहा टाकायला आत पाठवलं.

आम्ही दोघंच होतो तेव्हा मी म्हटलं, "दादा, औषधाचं काही का होईना, नळी बसवून घे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. पाण्यात पहिल्यांदा उतरणाऱ्या पोरांकडे बघायचा तसं, कुठलं घाबरलंय ते हेरत. "बारके, हे बहीण म्हणून बोलतेस की ऑफिसकडून?"

काय बोलणार होते? बहीण म्हणून बोलले तर आवाजावरून ओळखेल, ऑफिसकडून म्हटलं तर संपलंच. मूग गिळून चहा प्यायले.

लिफ्टपर्यंत सोडायला आला, कठड्याला धरून. सगळा वेळ त्या एका मुलाच्या गोष्टी, ज्याला डोकं पाण्याखाली घालायची भीती वाटायची आणि मग एक दिवस तळाशी जाऊन बसायला लागला, वर यायचंच नाव घेईना. तिथे फार शांत वाटतं म्हणायचा. दादाला सांगताना हसू येत होतं.

एक गोष्ट मला आज लक्षात आली. वहिनीसमोर दादा औषधाबद्दल इतकं बोलतो, माझ्याबरोबर एकटा असला की त्याचं नावही काढत नाही. घाबरतो बिचारा. माझ्या तोंडावर काही दिसलं तर आशाच मोडेल, म्हणून.


मंगळवार, १२ मार्च

आज नळी बसली असती.

सकाळी बाईंना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं, की त्याने या औषधापायी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. मला फक्त एक वाक्य बोलू द्या. एकाच माणसाशी.

बाईंनी दार लावून घेतलं. त्या कठोर नाहीत, हे लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर उद्या मलाच वाटेल. त्या म्हणाल्या, "तू त्याला बहीण म्हणून सांगू शकत नाहीस. कारण तुला हे बहीण म्हणून कळलेलं नाही. आज तुझा भाऊ, उद्या घाईवाल्यांचा मेहुणा, परवा कंपनीचे शेअर विकणारा कुणी. या आजाराची किती घरं आहेत? त्या प्रत्येक घरातली बाई गुरुवारपर्यंत थांबणार आहे. त्यांना कोण सांगणार?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दोन दिवस गं."

दोन दिवसांत काय होतंय, असं मीही स्वतःला बजावलं. शुक्रवारी नवी तारीख घेता येईल.

दुपारी प्रोफेसर आले. मज्जातंतूंच्या आजारांत यांच्यासारखा माणूस नाही आणि कॅमेऱ्यासमोर यांच्यासारखा वेंधळाही नाही. गळ्याला बो-टाय, प्रत्येक वाक्यात एक 'तथापि'. गुरुवारी पत्रकारांसमोर होणाऱ्या ब्रीफिंगची तालीम करायची होती. पहिला प्रयत्न असा: "उपलब्ध पुराव्यांचा साकल्याने विचार करता मुख्य निकषावर सांख्यिकीय फरक आढळला नसला, तथापि काही उपगटांत..."

मी त्यांना तिथेच थांबवलं. "सर, 'तथापि'च्या पुढे जे येईल त्याचा मथळा होतो. लोक तेवढंच वाचतील."

"मग खोटं बोलू?"

"खरंच बोला. पण आधी पूर्णविराम द्या."

तासभर घासूनपुसून शेवटी हे निघालं: 'हे औषध या आजारात काम करत नाही. त्याच्या आशेवर कुणी दुसरे उपचार थांबवू नयेत.'

दुसरं वाक्य मी सुचवलं. प्रोफेसर म्हणाले, हे आवश्यक आहे का? मी म्हटलं, फार आवश्यक आहे. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि मान्य केलं. दुसरं वाक्य मी एकाच माणसासाठी घातलंय, हे फक्त मला माहीत. तोंडाने सांगता येत नाही तर असं तरी सांगेन. पहिलं वाक्य मात्र इतकं नेटकं झालंय की कुणाला त्याची मोडतोड करताच येणार नाही. स्वतःवर खूश झाले थोडी. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.


बुधवार, १३ मार्च

भाचीचा मेसेज: 'आत्या उद्या चांगलीच बातमी असणार ना? बाबा खूप शांत आहे. आई म्हणते चांगलं लक्षण आहे.'

दिवसभर उत्तर दिलं नाही. शेवटी लिहिलं, 'उद्या पाच वाजता मी घरी येते.'

पाचच्या ठोक्याला मी त्याच्यासमोर बसलेली असेन. दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याने ऐकायचं नाही.


गुरुवार, १४ मार्च

ब्रीफिंग चांगलं झालं. प्रोफेसरांनी दोन्ही वाक्यं न अडखळता म्हटली. टीव्हीवाल्यांनी त्यांचं बोलणं आधीच टिपून घेतलं, पाचनंतर दाखवायच्या बोलीवर. पत्रकारांनी नेमके प्रश्न विचारले. मी साडेतीनला पर्स उचलली.

तेवढ्यात घाईवाल्यांचा फोन. जरा घाईत आहे, पण घात होतोय. त्यांच्या संपादकांनी कंपनीचं पत्रक वाचून 'आशेचा किरण' असा मथळा लावलाय, उपगटांचा आकडा मोठा करून. घाईवाले एकटे भांडतायत, तुम्ही संपादकांशी बोला.

मी बोलले. मग मुख्य संपादकांशी. मग ज्याने आकड्यांचं चित्र काढलं त्याच्याशी, कारण चित्रातले खांबही चुकले होते. आकडा कसा वेचून काढलाय ते डाव्या हाताने जेवणाऱ्यांचं उदाहरण देऊन समजावलं. त्यांना पटलं. मथळा बदलला. लाखो घरांत उद्या खोटी आशा गेली असती, ती मी अडवली. घड्याळ बघितलं तर सहा वाजायला आले होते.

दार वहिनीने उघडलं. तिचा चेहरा बघून कळलं.

बातम्यांत प्रोफेसर आले होते. पहिलं वाक्य तेवढं दाखवलं होतं. 'हे औषध या आजारात काम करत नाही.' मग जाहिरात. दुसरं वाक्य कापलं. टीव्हीवर एकच वाक्य जातं, हे मी पत्रकारितेच्या पोरांना वर्गात शिकवते! नेटकं वाक्य आधी दिलं की मागचं उडतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असेल? आणि जे वाक्य त्याच्यासाठी होतं तेच मी मागे ठेवलं.

सातच्या बातम्यांत ते पुन्हा लागलं. प्रोफेसर पडद्यावर दिसले आणि दादा चक्क हसला. त्यांचा बो-टाय बघून हसला असेल. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वाक्य तुझं आहे. हे एवढं सरळ बोलत नाहीत."

वहिनी टीव्ही बंद करून माझ्यासमोर उभी राहिली. "कधी कळलं तुला?"

"वहिनी, नियम असतो गं..."

"कधी?"

"गेल्या बुधवारी."

ती मनात दिवस लावत होती. तिच्या ओठांवरून कळत होतं. "म्हणजे शनिवारी," ती म्हणाली, "मी तुझ्यासमोर हात जोडत होते, तेव्हा तू चहा पीत होतीस."

दादाने तिला हाक मारली. ती थांबली नाही, आत जाऊन दार लावून घेतलं. भाची मधल्या खोलीत उभी, कुणाकडे जावं कळेना. मी दादाच्या पायाशी बसून रडले. चाळिशी उलटलेली बाई, लहान पोरीसारखी. त्याने डोक्यावर हात ठेवला. तो हात उचलायला त्याला किती वेळ लागला.


शुक्रवार, १५ मार्च

एकाही वर्तमानपत्रात खोटं आलं नाही. बाईंनी माझी पाठ थोपटली. नवी तारीख नऊ एप्रिल मिळाली, त्याआधीची नाही. वहिनी फोन उचलत नाही, तारखेचं भाचीने सांगितलं.


रविवार, २४ मार्च

मी घरात आले की वहिनी उठून स्वयंपाकघरात जाते. दरवाजा आपटत नाही, शिव्या देत नाही. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादा मात्र विलक्षण शांत आहे. एवढी मोठी आशा धुळीला मिळाली आणि याला गाढ झोप लागते. काल दोन वाट्या दही खाल्लं, हळूहळू, ठसका लागत लागत, पण चवीने. भाचीला खुणांनी गाडी मागे घ्यायला शिकवतो. तलावावरच्या आपल्या जागी आलेल्या नव्या शिक्षकाला बोलावून घेतलं आणि एकेका पोराचं सांगितलं, कुणाला रागवायचं, कुणाला मुळीच नाही. धक्का बसला की माणसं अशी कामात बुडतात, मी वाचलंय.

बोलणं आता जवळजवळ बंदच. तलावावरची छोटी पांढरी पाटी घेऊन बसतो, तिच्यावर लिहितो. आज लिहिलं, 'तुझी चूक नाही.'

मी म्हटलं, "दादा, समजूत नको घालूस."

त्याने मान हलवली, नाही, नाही. पुन्हा पेन टेकवलं. 'मला' लिहिलं. मग स्वयंपाकघराकडे बघितलं. वहिनी तिथे पाठमोरी उभी होती, ओट्याला धरून. त्याने ते पुसलं आणि 'पाणी' लिहिलं.

पाणी दिलं. दोन थेंब प्यायला.


मंगळवार, ९ एप्रिल

नळी बसणार नाही. श्वास मोजला, अर्ध्याच्या बराच खाली आलाय. डॉक्टर म्हणाले, "महिन्यापूर्वी आला असतात तर..." आणि आमच्याकडे बघून पुढचं गिळलं.

महिन्यापूर्वी बारा मार्च होता.

वहिनीने भिंत धरली. मी पुढे झाले तर तिने हात झटकला. "नको," एवढंच म्हणाली. इतक्या दिवसांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

दादाला बहुतेक नीटसं कळलंच नाही. उलट त्यानेच डॉक्टरांचा खांदा थोपटला. तरुण डॉक्टर, त्याचेच डोळे भरून आले होते. दादाचा हा शांतपणा बघवत नाही. कळलं असतं तर निदान माझ्यावर चिडला असता.


गुरुवार, २ मे

परवा दादा गेला. दुपारी, खुर्चीतच. आधी छातीत कफ झाला होता. वहिनी त्याच्याजवळ होती. मी ऑफिसात होते, खताच्या बातमीवर.

लिहवत नाही.


रविवार, १९ मे

राजीनामा दिला, बाईंनी घेतला नाही. म्हणाल्या, "सुटी घे, पण सोडून जाऊ नकोस. तू नियम पाळलास."

हो, पाळला. त्या नियमावर माझा अजूनही विश्वास आहे, हेच तर अवघड आहे. रोज सकाळी मनात तो शनिवार पुन्हा आणते. वहिनी म्हणते नुसती मान हलव, आणि मी हलवते. एवढी-एवढीशी. मग नळी बसते, उन्हाळ्यात दादा गॅलरीत बसलेला असतो, पाटीवर काहीतरी वात्रट लिहितो. मग जाग येते असंही नाही, मी जागीच असते.

दादाशिवाय मला या जगात 'बारके' म्हणणारं कुणी नाही. हे लिहायचं राहिलं होतं.


शुक्रवार, २४ मे

प्रोफेसर ऑफिसात आले. बाईंकडून त्यांना कळलं होतं की माझा भाऊ गेला, कसा गेला आणि मी काम सोडायला निघालेय. खुर्चीच्या टोकावर बसले. गळ्यात बो-टाय नव्हता.

"तुमचे बंधू," ते म्हणाले, "पोहायला शिकवायचे का?"

मी हो म्हटलं.

त्यांनी मागे वळून दार लागलंय ना ते बघितलं. "डॉक्टर म्हणून मी हे सांगायला नको. तथापि..." आणि तिथे अडले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दानंतर काय येतं याची वाट बघितली.

दादा त्यांच्याकडे गेला होता, एकटाच, जानेवारीत. सगळे प्रश्न नीट लिहून नेले होते. नळीने काय होईल, श्वासाच्या यंत्राने काय होईल, किती काळ, कुठल्या अवस्थेत. औषधाबद्दल प्रोफेसर म्हणाले की मला फारशी आशा नाही. दादा म्हणाला, मलाही नाही. मग त्याने सांगितलं, मला नळी नको आणि यंत्रही नको. शरीर जाईल तेव्हा जाऊ दे. पण बायको हे ऐकू शकणार नाही. ती मी जगावं म्हणून रात्रंदिवस धडपडते आहे, तिला मी नको म्हणालो असं वाटलं तर ती ते आयुष्यभर वागवेल. तेव्हा औषधाची वाट बघतोय असं मी घरी म्हणणार आहे. तुम्ही मला अडवू नका.

"मी त्यांना म्हटलं, हे बरोबर नाही, घरी बोला," प्रोफेसर म्हणाले. "ते म्हणाले, सर, पाण्यात कुणाला ढकलायचं नाही आणि कुणाला ओढून बाहेरही काढायचं नाही, एवढंच मी शिकवलंय. ते तुमचे भाऊ आहेत हे मला माहीत असतं, तर..."

ते गेल्यावर मी खाली चष्म्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले. काय वाटलं ते लाज सोडून लिहिते. आधी आनंद झाला. मी मारलं नाही त्याला! मी मान हलवली असती तरी त्याने दुसरं काही कारण काढलं असतं. नंतर त्याचा राग आला, इतका की समोर असता तर मी त्याला गदागदा हलवलं असतं. शनिवारी तू मला वाचवत होतास होय रे? आणि वहिनीला? तिला कशाच्या हवाली करून गेलास?

पण सगळ्यात वर एकच होतं: वहिनीला सांगायचं. ती पुन्हा माझ्याशी बोलेल.


रविवार, २६ मे

गेले होते. वाटेत सगळं मनात जुळवून घेतलं, कुठलं वाक्य आधी, कुठलं मागे. या वेळी चुकायचं नव्हतं.

वहिनीने दार उघडलं आणि आत ये म्हणाली नाही. पण लावूनही घेतलं नाही. ती फार वाळलीये. दादाचा जुना शर्ट घातला होता, बाह्या दुमडून.

"वहिनी, मला दादाबद्दल एक सांगायचंय."

"मला आधी बोलू दे," ती म्हणाली. "मी ठरवलंच होतं, तू आलीस की बोलायचं." तिचा आवाज चढलेला नव्हता. "लोक येतात, म्हणतात, सुटला बिचारा. मला एकेकाचं तोंड फोडावंसं वाटतं. तो सुटला नाही गं. त्याला जायचं नव्हतं. एवढी जीभ लुळी पडली तरी रोज मला म्हणायचा, औषध येऊ दे, मग आपण असं करू, तसं करू. माझ्यासाठी राहायचं होतं त्याला. सकाळी उठवत नाही तेव्हा मी हेच आठवते, की त्याला राहायचं होतं माझ्याजवळ. मग उठते, पोरीचा डबा भरते." तिने सुटलेली बाही पुन्हा दुमडली. "आणि म्हणून तुला माफ करता येत नाही. प्रयत्न केला. नाही जमत. आता बोल, काय सांगायचंय?"

माझी वाक्यं तयार होती. पहिलं तर जिभेवरच होतं.

"हेच," मी म्हटलं. "मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. माझं चुकलं, वहिनी."

तिला वाटलं असणार, मी कारणं देईन, नियम सांगेन. खांदे जरा सैल पडले तिचे. "बरं झालं बोललीस," ती म्हणाली. "पण आता येत जाऊ नकोस. एवढ्यात तरी नको."

मी बरं म्हटलं. दार हळूच लागलं.

जिन्यात भाची भेटली, सामानाच्या पिशव्या घेऊन वर येत होती. माझा चेहरा बघून थबकली. "आत्या, आई बोलली का गं तुझ्याशी?"

"बोलली की," मी म्हटलं, आणि तिच्या हातातली जड पिशवी घेऊन त्यांच्या मजल्यापर्यंत पोचवून दिली.